खुंट विचारा, मग कलम घ्या

मी वरुड तालुक्यात संत्र्याची रोपवाटिका चालवते. आमच्याकडे लहान रोपांना पन्हेरी म्हणतात, आणि हे काम घरात मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की गाड्या यायला लागतात. अमरावती-नागपूरकडचे असतात, अकोला-वाशीमचे असतात, सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचेही असतात. रांगेतून फिरताना एकच गोष्ट ऐकू येते: "काकू, कलम उंच पायजे, पान काळंभोर पायजे." डोळा कुठल्या झाडाचा हे बरेच जण विचारतात. खुंट कोणता, त्याची बी कुठून आणली, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

झाडाचा वरचा भाग संत्र्याचा असतो, खुंटावर बसवलेल्या डोळ्यातून वाढलेला, आणि खालचा मुळांसकट सगळा दुसऱ्याच झाडाचा. तोच खुंट. बाग वीस वर्षं टिकणार की आठव्या वर्षी सुकायला लागणार, यातलं बरंचसं या खालच्या झाडावर ठरतं. म्हणून आजवर जे हाताखालून गेलं आणि जे पटलं, ते इथं लिहिते आहे.

१. आधी जमीन खणा, मग खुंट ठरवा.

गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा जमिनीचं विचारते. "काळी हाय, भारी हाय," असं अभिमानानं सांगतात. कापसाला, तुरीला ती चांगली असेल. संत्र्याच्या मुळाला मात्र पाण्याइतकीच हवाही लागते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, तिच्यातली भोकं बुजतात आणि पाणी मुळाशी तुंबून राहतं. त्याच मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. तुंबलेल्या पाण्यात फायटोप्थोरा नावाचा रोगकारक वाढतो. त्याचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहत मुळापर्यंत पोचतात, मुळं कुजवतात, मग खोडाची साल तडकून डिंक वाहायला लागतो. हाच आपला डिंक्या. विदर्भातल्या बागा जेवढ्या डिंक्यानं आणि मूळकुजीनं संपल्या तेवढ्या दुष्काळानंही संपल्या नसतील, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून लागवडीच्या आधी शेतात दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डा घ्या. खाली मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहा. पांढरे खडे दिसले तर चुनखडी आहे. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले आणि ती फसफसली की मुक्त चुना आहे असं समजा. तो नेमका किती, हे माती परीक्षण सांगेल. दहा टक्क्यांच्या वर गेला तर संत्र्याचा विचार पुन्हा करावा. अशा जमिनीत झाडाला लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक फवारण्या करत राहतात. पान चार दिवस सुधारतं, पण खालची माती तीच असते.

जमीन कळल्याशिवाय कोणता खुंट चांगला, या प्रश्नाला उत्तर नाही. जगात सगळीकडे चालेल असा एकही खुंट नाही. जो तसं सांगून कलम विकतो त्याच्याकडून घेऊ नका.

२. खुंटाच्या बीचं झाडसुद्धा निवडून ठेवावं लागतं.

डोळा ज्या काडीवरून घेतात त्या डोळाकाडीसाठी मातृवृक्ष लागतो हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण जंभेरीची, म्हणजे आमच्या नेहमीच्या खुंटाची, बी म्हटलं की कुठल्या तरी बांधावरच्या झाडाखालची फळं गोळा केली जातात. रस काढणाऱ्याकडून उरलेल्या बियाही येतात. मामाजींनी खुंटाच्या बीसाठी वेगळी झाडं राखली होती आणि त्यांना बागेपासून दूर ठेवलं होतं. झाड निरोगी, ओळखीचं, एकसारखी फळं देणारं हवं, आणि फळ झाडावरूनच तोडलेलं हवं. जमिनीवर पडलेल्या फळाला फायटोप्थोरा लागलेला असू शकतो आणि तो बीबरोबर वाफ्यात येतो. बीची शंका असेल तर ५२ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात ती दहा मिनिटं बुडवून काढतात. थर्मामीटर लावून, पाणी ढवळत. अंदाजानं नाही, कारण थोडं जास्त तापलं तर बीच मरते.

फळ कापताना सुरी खोल घालू नये. सालीला सभोवार चीर पाडून दोन्ही हातांनी पिळवटून फळ उघडलं की बी कापली जात नाही. मग बीवरचा बुळबुळीतपणा राख लावून चोळून घालवायचा, पाण्यात टाकून तरंगणारी बी फेकायची आणि उरलेली सावलीत पसरायची.

३. एका बीतून दोन-तीन रोपं येतात, आणि याच गोष्टीवर आमचा सगळा धंदा उभा आहे.

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

जंभेरीची बी भिजवून वरच्या दोन्ही साली हळूच सोला. आत एकच गर्भ असायला हवा, पण बऱ्याच बियांत लहानमोठे दोन, तीन, चार गर्भ एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. सूक्ष्मदर्शकातून जीवसृष्टी पाहणाऱ्या लेव्हेनहूकनं १७१९ साली लिंबूवर्गाच्या बीत ही गोष्ट पाहिली. त्यातले जास्तीचे गर्भ येतात कुठून, याचा उलगडा स्ट्रासबुर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७८ मध्ये केला. एक गर्भ नेहमीसारखा परागीभवनातून तयार होतो. त्याला आईही असते आणि बापही. बाकीचे गर्भ मात्र बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून वाढतात. त्यांच्यात बापाचा काही अंश नसतो. त्यांना न्यूसेलर रोपं म्हणतात, आणि ती आईची हुबेहूब असतात.

हे नसतं तर एकसारखे खुंट मिळवायला प्रत्येक रोप छाटापासून किंवा प्रयोगशाळेतून करावं लागलं असतं. जंभेरी, रंगपूर लाईम, ट्रायफोलिएट या खुंटांची बी पेरली की बहुतेक रोपं आईसारखी येतात. खाली एकसारखा खुंट आणि वर एकसारखा डोळा असला की बाग एकसारखी होते. आणखी एक मोठा फायदा आहे. आईच्या अंगात ट्रिस्टेझासारखा विषाणू असला तरी सहसा तो बीतून रोपात उतरत नाही. जुनी, रोगानं थकलेली वाणं न्यूसेलर रोपांतून नव्यानं उभी करता येतात ती यामुळे. न्यूसेलर मोसंबी हे आपल्याकडचं वाण अशाच रोपातून आलं.

सगळ्या लिंबूवर्गाला हे लागू नाही. पपनस आणि महाळुंग यांच्या बीत एकच गर्भ असतो, आणि तो संकरातून आलेला असतो. गणपतीत गोव्यात आणि तळकोकणात माटोळीला पपनस टांगतात. ते फळ आवडलं म्हणून त्याची बी लावली तर येणारं झाड तसंच निघेल याची खात्री देता येत नाही. महाळुंगाचंही तेच. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच महाळुंग. जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं आहे की जंभेरी आणि रंगपूर लाईम हे दोन्ही संत्रावर्गातलं झाड आणि महाळुंग यांच्या संकरातून आले. म्हणजे विदर्भातल्या जवळपास प्रत्येक संत्र्याच्या मुळाशी महाळुंगाचं रक्त आहे. ही गोष्ट मी बायांना पिशव्या भरताना सांगते तेव्हा त्यांचे हात क्षणभर थांबतात.

४. बी वाळवून ठेवू नका.

ज्वारी-तुरीच्या बीसारखी ही बी नाही. कडक वाळली की तिची उगवण जाते. काढली, सावलीत पाणी सुकलं, लगेच पेरली, हे सगळ्यात उत्तम. ठेवायचीच असेल तर बुरशीनाशक लावून पिशवीत बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या खणात नाही. पेरल्यावर ऊब असेल तर तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतो. थंडीत जास्त वेळ लागतो. त्याला घाबरून पाणी वाढवू नये, नाहीतर बी कुजते.

५. रोपं उपटून फेकण्याची हिंमत ठेवा.

रोपवाटिकेतलं सगळ्यात कठीण काम हे आहे. गादीवाफ्यातून रोपं काढून पिशवीत लावताना एकेक रोप हातात घेऊन बघावं लागतं. आमच्याकडे हे काम बाया करतात आणि त्यांची नजर आता अशी तयार झाली आहे की पुस्तक लागत नाही. जंभेरीच्या वाफ्यात मधूनच एखादं रोप ठेंगणं राहिलेलं असतं. एखाद्याचं पान वेगळ्या आकाराचं असतं, देठाजवळचा पंख जास्त रुंद असतो, काटा लांब असतो, चुरगळल्यावर वास निराळा येतो. एखादं रोप सगळ्यांच्या दीडपट उंच गेलेलं असतं आणि नवीन बाईला ते सगळ्यात चांगलं वाटतं. ही वेगळी दिसणारी रोपं बहुधा संकरातली, बापाचा अंश घेतलेली असतात. ठेंगणं आणि फाजील उंच, दोन्ही काढायची.

मग मूळ पाहायचं. सोटमूळ सरळ हवं. वाफा कडक असला किंवा पेरणी वेडीवाकडी झाली की मूळ गळासारखं वाकतं. असं रोप वरून कितीही टवटवीत दिसलं तरी पुढे मोठ्या झाडाचा भार आणि पाण्याचा शोध त्या वाकलेल्या मुळाला झेपत नाही. शेकडा दहा-पंधरा रोपं अशी जातात, एखाद्या वर्षी त्याहून जास्त. ज्या रोपवाटिकेत पेरलेलं प्रत्येक रोप विकलं जातं, तिथं ही निवड झालेली नसते. स्वस्त कलम तिथंच मिळतं.

ट्रायफोलिएटच्या संकरांत ही ओळख फार सोपी आहे. त्याच्या पानाला तीन पर्णिका असतात, आणि हा गुण संकरात उतरतो. त्यामुळे साध्या पानाच्या झाडाच्या फुलावर त्याचे पराग टाकून संकर केला तर वाफ्यात तीन पर्णिकांचं रोप दिसलं की तो संकर, हे लहान मूलही सांगेल. जंभेरीत अशी सोय नाही. तिथं नजरच कामाला येते.

६. खुंटांचे स्वभाव.

जंभेरी: विदर्भाचा पूर्वापार खुंट. झाड झपाट्यानं वाढतं, डोळा चटकन धरतो, रोपवाटिकेत त्रास कमी. खोल, निचऱ्याच्या जमिनीत तिच्यासारखं उत्पन्न देणारं कमी. पण फळाची साल जाडसर होते, गोडी थोडी उतरते आणि फायटोप्थोराला ती फार हळवी आहे. भारी काळ्या जमिनीत जंभेरी लावणं आणि नंतर डिंक्यासाठी औषधांवर खर्च करत राहणं, हे चक्र आमच्या शिवारात मी कितीदा तरी पाहिलं आहे. रोपवाटिकेवाल्यांना जंभेरी आवडते कारण ती लवकर कलमाला येते. शेतकऱ्याचं हित वेगळं असू शकतं.

रंगपूर लाईम: आजच्या बांगलादेशातल्या रंगपूर शहरावरून ओळखला जाणारा. फळ नारिंगी रंगाचं, लहान, आंबट. पाण्याचा ताण जंभेरीपेक्षा चांगला सोसतो, क्षारालाही बरा टिकतो आणि झाड लवकर फळावर येतं. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात विहिरींनी तळ गाठला, बोअर खोल खोल गेले. भूजलाचा एवढा उपसा झालेल्या भागात पाण्याचा ताण सोसणारा खुंट हा काही छोटा गुण नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जंभेरीबरोबर याचाही विचार आग्रहानं मांडला जातो, आणि मला तो पटतो. त्याची एक अट आहे. डोळाकाडी स्वच्छ हवी. एक्सोकॉर्टिस नावाचा अतिसूक्ष्म रोगकारक काडीतून आला तर जंभेरीवर तो लपून राहील, रंगपूरच्या खोडाची साल मात्र खवल्यासारखी सुटेल आणि झाड खुजं राहील.

ॲलिमो: फायटोप्थोराला चांगला टिकतो, चुनखडीतही तग धरतो, झाड भरपूर धरतं. फळाचा गोडवा मात्र कमी होतो. त्यामुळे लिंबासाठी त्याचा जगात जास्त वापर झाला. चुनखडीच्या जमिनीत आणखी काही चालत नसेल तर त्याचा विचार करावा.

ट्रायफोलिएट आणि त्याचे संकर, ट्रॉयर, कॅरिझो वगैरे: कागदावर यांच्यासारखं कुणी नाही. फायटोप्थोराला टिकतात, ट्रायफोलिएट तर ट्रिस्टेझा आणि सूत्रकृमी दोन्हींना दाद देत नाही, फळाची गोडी उत्तम येते. जपानसारख्या थंड देशात ट्रायफोलिएट मुख्य खुंट आहे. पण चुनखडी त्याला अजिबात सोसत नाही. आपल्या जमिनीत त्याच्यावरची झाडं पिवळी पडतात. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ पाहून पोरं मला हे खुंट मागतात. मी त्यांना परत माती तपासायला पाठवते.

क्लिओपात्रा: खारवट जमिनीला चांगला, फळाचा दर्जाही चांगला, पण झाड फळावर यायला उशीर करतं. चार वर्षांत पैसा हवा असलेल्याला त्याचा धीर नसतो.

आंबट संत्रं, ज्याला सोअर ऑरेंज म्हणतात: याचं पुढच्या मुद्द्यात सांगते.

७. सगळी बाग एका खुंटावर लावू नका. ब्राझीलनं हे दोनदा भोगलं.

सोअर ऑरेंज हा एकेकाळी जगाचा लाडका खुंट होता. डिंक्याला टिकतो, भारी जमिनीत चालतो, फळ गोड येतं. दक्षिण अमेरिकेत, भूमध्य समुद्राच्या काठानं, सगळीकडे बागा त्याच्यावर उभ्या होत्या. १९३० च्या दशकात आधी अर्जेंटिनात आणि मग ब्राझीलमध्ये झाडं अचानक सुकायला लागली. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर उडत होता आणि ट्रिस्टेझाचा विषाणू पसरत होता. सोअर ऑरेंजवरच्या संत्र्यामोसंबीत हा विषाणू कलमाच्या जोडाखालची अन्न वाहून नेणारी नळीच मारतो, त्यामुळे मुळं उपाशी मरतात आणि वरचं झाड उभं वाळतं. मावा हा रोग पसरवतो हे १९४६ मध्ये मेनेघिनी या ब्राझीलच्या शास्त्रज्ञानं सिद्ध केलं, तोवर साओ पावलोच्या बागांतली झाडं लाखोंच्या संख्येनं गेली होती. नंतर स्पेनमध्येही हेच झालं.

मग ब्राझीलनं रंगपूर लाईम उचलला. ट्रिस्टेझाला टिकणारा, पाणी न देताही चालणारा. बहुसंख्य बागा त्याच्यावर गेल्या. आणि विसावं शतक संपता संपता रंगपूरवरच्या मोसंबीची झाडं अचानक मरू लागली. हा नवा रोग होता. त्याला त्यांनी सिट्रस सडन डेथ असं नाव दिलं. मग तिथं क्लिओपात्रा, स्विंगल अशा इतर खुंटांकडे पुन्हा वळावं लागलं.

ट्रिस्टेझा आपल्याकडेही आहे. त्याचा मावाही आहे. आपण सोअर ऑरेंज लावत नाही म्हणून तो आपल्याला उग्र दिसत नाही, इतकंच. म्हणून ज्याची दहा एकर लागवड आहे त्याला मी सांगते, भाऊ, सात एकर एका खुंटावर कर आणि तीन दुसऱ्यावर, आणि कोणतं झाड कशावर आहे याचा नकाशा कागदावर काढून ठेव. पुढच्या वीस वर्षांत तुझ्या जमिनीला काय मानवतं हे तुझी बागच सांगेल, आणि तुझ्या शेजाऱ्यालाही.

८. कुंडीत बी लावणाऱ्यांसाठी.

पुण्यामुंबईहून नातेवाईक येतात, खाल्लेल्या संत्र्याची बी कुंडीत लावली असं सांगतात आणि फळ कधी येईल विचारतात. नागपुरी संत्र्याच्या बीतही एकापेक्षा जास्त गर्भ असतात, तेव्हा झाड आईसारखं यायची शक्यता चांगली आहे. पण बीचं झाड बालपण पूर्ण जगतं. आधी लांब काटे येतात, उंची वाढते, आणि फळाला सात-आठ वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. कलमाच्या झाडाचा डोळा मोठ्या झाडावरून आलेला असतो, म्हणून ते चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देतं. मेघालयात खासी संत्रं पूर्वापार बीपासूनच वाढवत आले. तिथली झाडं उंच, दीर्घायुषी आणि उशिरा फळणारी.

कागदी लिंबाचं वेगळं आहे. महाराष्ट्रात कागदी लिंबू बहुतेक बीपासूनच लावतात आणि तेच चांगलं. राहुरीचं साई सरबती, परभणीची विक्रम आणि प्रमालिनी यांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. न्यूसेलर रोपं असल्यानं वाण टिकतं, आणि लिंबाचं झाड बीपासूनही त्यामानानं लवकर फळावर येतं. घरी कुंडीत लिंबूवर्गातलं एकच झाड लावायचं असेल तर कागदी लिंबाची बी लावा.

९. डोळा भरताना.

आमच्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी हा डोळे भरायचा हंगाम. तोवर खुंट पेन्सिलीएवढा जाड झालेला असतो आणि साल सहज सुटते. साल सुटत नसेल तर पाणी देऊन थांबायचं. ओढून सोलू नये.

डोळाकाडी गोल फांदीची घ्यायची. तिकोनी, भरभर वाढलेल्या पानसोटाची नाही. पानं कापायची पण देठाचा तुकडा ठेवायचा. तो देठ पुढे फार कामाला येतो. डोळा भरून, पट्टी बांधून दोन-तीन आठवडे झाले की देठाला बोटानं हलकंच शिवायचं. तो टपकन गळून पडला आणि डोळा हिरवा असला तर कलम जमलं. देठ वाळून चिकटून राहिला तर डोळा मेला.

काडीची निवड सालोसाल भरपूर फळणाऱ्या, रोगमुक्त म्हणून तपासलेल्या झाडावरूनच व्हायला हवी. ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा हे दोन्ही रोग काडीतून येतात, आणि रोगट काडी बांधणारा हात एकाच हंगामात हजारो झाडांना रोग देऊ शकतो. नागपूरच्या संस्थेत अंकुराच्या टोकाचं सूक्ष्म कलम करून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करतात. तिथून आलेल्या झाडांच्या काडीला चार पैसे जास्त पडले तरी देते.

१०. नऊ इंच.

डोळा जमिनीपासून किमान नऊ इंचावर हवा. खालचा खुंट डिंक्याला संत्र्यापेक्षा थोडा तरी जास्त टिकतो. वरचं संत्र्याचं खोड ओल्या मातीला लागलं की संपलं. रोपवाटिकेत चार-पाच इंचावर डोळा भरतात कारण वाकायचा त्रास कमी होतो आणि कलम लवकर उंच दिसतं. आणि शेतकरी लावताना ते आणखी खोल लावतो, वर आळ्याची माती ओढतो. मग जोड जमिनीत जातो. लावताना जोड वरच राहील हे पाहा, आळं दुहेरी करा म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी.

जोडाखालून येणारी प्रत्येक फूट हातानं मोडा. बागेत मधूनच एखादं झाड नुसतं जंभेरीची फळं घेऊन उभं दिसतं. तिथं डोळा मेला, खालून जंभेरी फुटली, आणि कुणी पाहिलं नाही.

११. रोपवाटिकेत आल्यावर काय बघायचं.

दोन फुटांच्या आसपासचं कलम घ्या, चार फुटांचं नको. जास्त उंच कलम म्हणजे पिशवीत जास्त दिवस राहिलेलं, आणि त्याची मुळं तळाशी गोल गोल फिरलेली. एक पिशवी फाडून दाखवायला सांगा. मुळं पांढरी, तंतुमय असली तर घ्या. तपकिरी झालेली, बोटांत धरून ओढली तर साल निघून आत दोरा उरणारी असतील तर एकही कलम घेऊ नका, कारण तो फायटोप्थोरा आहे आणि तो तुमच्या शेतात जाईल. पिशव्या जमिनीवर चिखलात ठेवल्यात की उंच जागी, मातीवर उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून ती तापवली होती की नाही, वाफ्यांच्या शेजारीच जुनी रोगट बाग आहे का, हेही बघा.

आणि पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: खुंट कोणता, खुंटाची बी कोणत्या झाडाची, डोळाकाडी कुठली. काही जण म्हणतील, "काकू, एवढं कोन लिहून देते?" मी देते. पहिली दोन वर्षं लोकांनी ते वाचलंही नाही. आता काही जण जुनी पावती घेऊनच नवीन कलमं मागायला येतात, "मांगच्या खेपेला रंगपूरवरचे दिले होते, तेच द्या, खालच्या पट्टीत जंभेरीचे तेवढे टिकले नाही." त्यांच्या त्या शब्दांवरून यंदा मी रंगपूरची बी वाढवून पेरली आहे.